विरजण

लोहगावात, खांदव्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये
जिथे आधी खोकी बनायची,
आता चार निळ्या टाक्या आहेत
आणि घाटाच्या इतक्या वर एक छोटा समुद्र,
मार्केट यार्डातून पोत्यांनी आणलेला,
जो मी रोज सकाळी जिभेवर घेऊन बघतो.

धावपट्टीवरून लढाऊ विमान उठलं
की कोळंबी एकदम उसळते,
जाळीवर आदळते,
खालून कुणी वाटाणे मारावेत तशी.
मग गप्प. पंप. बुडबुडे.

पाणी तेच. कुठेच जात नाही.
खाल्लेलं, टाकलेलं, अंगावरून उतरवलेली कात,
सगळं त्यातच विरतं
आणि कोपऱ्यातल्या पिंपात जातं.
पिंपात प्लॅस्टिकची चक्रं, बोटाच्या पेराएवढी,
चहाच्या डागासारखी तांबूस, बुळबुळीत,
दिवसरात्र उकळी फुटल्यासारखी गरगरणारी.
त्या बुळबुळीवर राहतात त्यांना
मी कधी पाहिलेलं नाही.
कोळंबीचा अमोनिया एक जण खातो,
त्याने टाकलेलं दुसरा,
उरलेलं शेडमागच्या केळींना.
त्यांचा पगार म्हणजे हवा,
आणि अधूनमधून खायचा सोडा.

कुपीत आठ थेंब. हलवायचं. पाच मिनिटं थांबायचं.
पिवळं आलं तर घरी जाऊन जेवायचं.
पोपटी आलं तर कुणाशी बोलायचं नाही.

मार्चात एकदा हिरवं आलं,
कारल्याच्या सालीसारखं.

हणमंत तेव्हा नवीन. उदगीरकडचा.
आधी एका हॉटेलात भांडी घासायचा
आणि चांगली घासायचा.
मी बँकेतून आलो तर शेडसमोर चादरीवर
चक्रं वाळत घातलेली, पांढरीशुभ्र,
डोळे दिपतील अशी.
"लई घाण होती सर,
दोन पुडे पावडर लागली.
टँकरच्या पाण्यानं तीनदा खळबळून काढली."
त्याच्या बोटांची सालं निघाली होती.

मी शाबास म्हणालो.
कामावर घेताना मीच बजावलं होतं,
आपल्याकडे स्वच्छता पाहिजे.

तिसऱ्या दिवशी पहिली टाकी.
कोळंबी आडवी होते, मग पांढरी,
उकडल्यासारखी, विस्तव नसताना.
चाळणीने काढली. हणमंतने मोजली
अकराशे चाळीसपर्यंत,
मग मोजायचं सोडून दिलं.
उरलेल्या टाक्या पडेल त्या भावाने विकल्या.
रात्री मी त्याला कुपी दाखवली
आणि सगळं सांगितलं, पहिल्या खाणाऱ्यापासून.
तो बराच वेळ आपल्या हातांकडे बघत बसला.

यवतच्या फडतरे बाईंचं पिंप नऊ वर्षांचं.
त्या म्हणाल्या, ने की पिशवीभर, पैसे कसले,
विरजणाचे कुणी पैसे घेतं का?
फक्त ओलं ठेव. ऊन लागू देऊ नको.
हणमंत ओलं गोणपाट मांडीवर धरून
हडपसरला बस बदलून आला.
कंडक्टरने विचारलं, काय आहे?
विरजण.
सांडणार नाही ना?
तरी लगेजचं तिकीट लागलंच.

मग सहा आठवडे
कोळंबी नसलेल्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य,
कुजण्यासाठी.
कुपी हिरवी. हिरवी. जरा कमी हिरवी.
आणि ती उतरते न उतरते तोच दुसरी जांभळी,
म्हणजे एक जण कामाला लागलेला,
दुसऱ्याचा पत्ता नाही.
हणमंत पिंपात बोट बुडवून
चक्र चाचपायचा, अंगठ्याने,
बुळबुळ लागते का बघत.

एका सकाळी म्हणाला, लागतीय.

नवी पिल्लं आली, पापणीच्या केसाएवढी.
ती बोटाएवढी झाली तेव्हाचा गुरुवार.
वीज गेली, जनरेटर खोकून बंद पडला,
चक्रं जागच्या जागी थांबली.
हणमंत स्टुलावर चढून
तांब्याने पिंपातलं पाणी वर काढत होता, ओतत होता,
उंचावरून, चहा गार करतात तसं,
अकरापासून साडेतीनपर्यंत.
मध्ये विमान गेलं. जाळी वाजली.
मी म्हणालो, दे, जरा मी घेतो.
तो म्हणाला, आधी हात दाखवा,
साबण तर लावला नाही ना?