बारा पेरं

"शुगर वाढलीय," डॉक्टर म्हणाले
आणि पुढच्या केसपेपरकडे वळले.
हौसाबाई लोहकरे माझ्या टेबलाशी आल्या
त्या भांडायच्याच बेतात :
"साखर मी दिवाळीला बघते, सिस्टर.
चहा बी गुळाचा.
कुणाची वाढली ती?"

घोडेगावचं ग्रामीण रुग्णालय,
आहुप्याच्या एसटीला पाऊण तास,
माझ्या डब्यातली भाजी अजून तशीच
आणि भिंतीवरच्या तक्त्यात
एक गोरा माणूस स्वतःच्या पोटाला सुई टोचून हसतोय.
त्याच्याकडे बघून त्या म्हणाल्या, "येडाच हाय."

वांगं आणलं स्वयंपाकघरातून.
त्याला टोचलं, मग त्यांनी टोचलं,
चार वेळा, पाचव्यांदा हात थरथरला नाही.
पण आकडे? बारा कसे ओळखायचे?
मी नळी उजेडात धरून बारीक रेघा दाखवत होते.
त्या बोटांकडे बघत होत्या स्वतःच्या,
हिरडा सोलून काळ्या पडलेल्या.
अंगठा पेरांवरून फिरला,
चार बोटं, तीन-तीन पेरं.
"एवढंच ना?"
एवढंच.

फ्रीज नाही म्हटल्यावर
माठाखालची ओली वाळू सांगितली.
जेवणाआधी अर्धा तास, असंही सांगितलं,
आणि घड्याळ आहे का ते विचारायचं राहिलं.
रात्री झोपताना आठवलं.

महिन्यानं ओपीडीबाहेर
सलाईनचा स्टँड ढकलत चालले होते,
बाकड्यावरून आवाज आला ओळखीचा.
शेजारी एक पोर, पहिलटकरीण, सातवा महिना,
मांडीवर तसाच डबा, डोळे भरलेले.
"रडती कशाला? बोटं दाव.
भाताला आधण ठेवलं का टोचायचं,
शिजला का खायचं.
सिस्टर अर्धा तास म्हणती,
तिचा भात तेवढ्यात शिजत असंल."

मी थांबले. स्टँडचं एक चाक करकरत राहिलं.
इतकं सोपं मला कधी सुचलं नव्हतं.
तेवढ्यात त्यांनी कनवटीची पिशवी सोडली :
"ही घे सुई माझी. उद्याच्याला मी दुसरी बघीन."

धावले.
"मावशी, मीठ द्या, मिरची द्या उसनी,
सुई नाही. ज्याची त्यानं."
त्या जरा खट्टू झाल्या. पिशवी परत खोचली.
मग पोरीला म्हणाल्या,
"ऐकलंस? हे मला बी आत्ताच कळलं."

हे मी सांगितलंच नव्हतं त्यांना.
त्या दिवशी एसटीची घाई होती.