मूळ चित्रणाप्रमाणे

ह्या गावाचं नाव मला अजून नीट लिहिता येत नाही.
लानेली म्हणावं, तर म्हणावं; पण त्यातला ल
जिभेच्या कडांनी हवा सोडत म्हणतात,
तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तसा.
आपल्या बाराखडीत तेवढ्यासाठी खोली नाही.
आईला पत्ता सांगताना मी जवळचं काहीतरी सांगते
आणि पुढे जाते.

ओल्वेन प्रिचर्ड बिस्किटांच्या डब्यातून
एक टेप घेऊन आल्या. सप्टेंबर, एकोणीसशे नव्याण्णव.
अकरा मिनिटं. त्यांचा एम्लिन
परसातल्या फाटकातून ढकलगाडी घेऊन येतो,
गाडीत तीन लीक, तान्ह्या पोरांसारखे फडक्यात गुंडाळलेले,
प्रदर्शनाला निघालेले.
पत्र्याच्या कारखान्यात तीस वर्षं,
मग हे.

मी टेप उतरवून घेतली, रंग थोडे सावरले,
वाऱ्याचा घोंगाट खाली आणला,
एक्स्पोर्ट दाबलं आणि चहा करायला गेले.
पेनड्राइव्ह, पावती, अठरा पौंड.

तिसऱ्या दिवशी त्या परत.
कोट न काढताच म्हणाल्या,
एम्लिन लंगडत नव्हता.

मी म्हटलं, टेप जुनी आहे.
म्हणाल्या, टेप जुनी असेल. पाय नव्हते.

मग आम्ही दोघी स्क्रीनसमोर बसलो.
फाटकापाशी त्यांनी काचेवर बोट ठेवलं.
इथे. आणि परत इथे.
मला दिसेना. गव्हातले खडे वेचावेत
तशी एकेक चौकट सरकवत गेले.
पाच वेगवेगळ्या, सहावी पाचवीचीच नक्कल.
पुन्हा पाच. पुन्हा नक्कल.

हिशेब सोपा होता. ह्या देशात सेकंदाला पंचवीस चौकटी,
मी मागितल्या तीस.
आदल्या आठवड्यात न्यू जर्सीच्या मावसभावाकडचं
बारसं एडिट केलं होतं, तीच सेटिंग तशीच राहिली.
तीस हव्यात म्हटल्यावर मशीन बिचारं आणणार कुठून?
पाहुणे वाढले की आमटीत पाणी घालतात,
तसं त्याने केलं.

अकरा मिनिटांत तीन हजार तीनशे वेळा
मी त्या माणसाला जागच्या जागी थांबवलं होतं
आणि पापणी लवायच्या आत सोडून दिलं होतं.
कोणाला कळलं नसतं.
कळलं ते एका बाईला,
जिने चाळीस वर्षं त्याची पावलं
जिन्यावरून ओळखली.

दुसरी चूक मग मीच सांगितली.
चौकोनी चित्र रुंद पडद्यावर ताणलं गेलंय,
म्हणून ते एवढे जाड दिसतात.
त्या हसल्या. ते राहू दे,
जन्मभर अंगाला मांस लागलं नाही त्याच्या.
मग जरा थांबून: नको. होता तसाच कर.

पंचवीस. चारास तीन.
मूळ चित्रणाप्रमाणे, ह्या ओळीसमोर खूण केली.
निळी पट्टी सरकू लागली.
खाली ड्रायक्लीनरचं यंत्र सुरू झालं, टेबल थरथरलं.
फोनवर आई म्हणते, हल्ली तू बोलताना अडखळतेस.
मी म्हणते, नेटवर्क.

एम्लिन फाटकातून आला. सरळ चालत.
ढकलगाडीचं चाक मात्र लडबडत होतं;
ते तेव्हाही लडबडायचंच, त्या म्हणाल्या, ठोकून देईन देईन म्हणायचा.

आणि ह्या दोन काळ्या पट्ट्या?
तिथलं कॅमेऱ्याने काही घेतलं नाही, मी म्हटलं.

ओल्वेनबाई पुढे झुकल्या.
डावीकडच्या पट्टीत मी आहे, म्हणाल्या,
दोरीवर चादरी घालतेय. तोंडात चिमटे,
म्हणून टोपी विसरलास, हे ओरडता आलं नाही.

पडद्यावर एम्लिन
बोडकाच चालला होता.