रिव्हर्स

गफूर परकार इंजिनाचं झाकण उचलतो,
विझवलेली बिडी कानामागे ठेवतो,
म्हणतो, आधी गिअरबॉक्सला शिव्या देणं बंद करा, बाई.
तो तळाशी असतो, दिसत नाही,
म्हणून सगळे त्याच्यावरच ढकलतात.

माझगावला ओहोटी. 'रोझमेरी' चिखलात
एका कुशीवर कलंडलेली. एकोणऐंशी सालची, लाकडी,
पोटातलं इंजिन दारूखान्यातून आणलेलं,
तिच्याहून म्हातारं.

तेलाची पट्टी पुसतो, बुडवतो, उन्हात धरतो.
दुधाळ असतं तर पाणी शिरलं.
काळं आणि जळका वास, तर प्लेटा गेल्या.
लाल आहे.

मग केबलची पिन काढतो
आणि दांडी नुसत्या हातानं पुढे ढकलतो: खट्.
मधे. खट्.
मागे, खट्,
ट्रंकेची कडी लागावी तसं स्वच्छ.
"पडतो की रिव्हर्स!"

पिन परत लावून मला वर बसवतो, लिव्हरपाशी.
ओढा. ओढते.
पुन्हा. खालून त्याचं हसू ऐकू येतं.
आतली तार सरकायच्या ऐवजी
अख्खी नळीच सरकतेय.
तिला धरणाऱ्या क्लॅम्पचा एक स्क्रू गायब,
दुसरा गंजून बडीशेपेच्या दाण्याएवढा.
तुम्ही वर पूर्ण खेचता, बाई,
खाली पोचतं निम्मं.

निम्मं.

मार्चात धक्क्याच्या दगडावर बोटीचं नाक फुटलं
तेव्हा पदाजी हेच म्हणाला होता:
म्यां मागं टाकला व्हता, बाय, त्यो पडलाच नाय.
आणि मी सगळ्या खलाशांसमोर विचारलं होतं,
सकाळी किती घेतली होतीस?
पंधरा दिवसांचा पगार कापून
बाकीचा हातात ठेवला.
त्यानं मोजलासुद्धा नाही.

स्क्रू सव्वा इंची, स्टेनलेसचा,
डॉकयार्ड रोडच्या दुकानात अठरा रुपये, वॉशरसकट.
दोन घ्या, गफूर म्हणाला, एक जपून ठेवा.

भरतीला तिला बाहेर काढली.
पुढे. मधे. मागे.
पाणी उलट्या बाजूनं फेसाळलं
आणि धक्का हळूहळू लांब गेला.
गफूरनं बिडी पेटवली.

दुसरा स्क्रू अजून पर्समध्येच आहे,
पावतीत गुंडाळलेला.

पदाजी आता मोऱ्याच्या लाँचवर दोर टाकतो,
साडेपाचच्या फेरीला.
मी हल्ली पाचलाच निघते.