कबरीचं भाडं

आमच्याकडे पहिली वीस वर्षं फुकट.
पुढे दर साली भाडं, नाहीतर दगड उचलायचा,
जागा दुसऱ्याला.
नियम माझा नाही. मी फक्त खणतो
आणि हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ ढकलतो.

तो गेला फेब्रुवारीत, एक्क्याण्णव साली.
त्यांच्यात जाळतात म्हणे.
पण ती सोय दूर, शहरात,
आणि डोंगररस्ता आठ दिवस बंद.
जाफन्याला फोन लागेना, तिकडे लढाई.
मग मी गोठलेल्या जमिनीवर कोळसा पेटवला,
दीड दिवस, माती फावड्याला वश होईपर्यंत.
एवढीच काय ती आग त्याच्या वाट्याला आली,
तीही आधी, तीही मातीला.

नाव होतं वैरवनाथन.
आम्हाला एवढं लांब पेललं नाही,
शेवटचा तुकडा ठेवला: नाथन.
पाद्री म्हणाला, बायबलात आहे की!
दगडावर तेच आहे.

मासळीच्या कारखान्यात चार नंबरच्या टेबलावर असायचा,
डाव्या हाताला आसलौग.
कॉडच्या डोक्यातले कानाचे खडे काढून
तंबाखूच्या डबीत टाकायचा.
त्या खड्यांवर वळी असतात, वर्षाला एक.
डबी कानाशी हलवायचा आणि हसायचा.
आम्हाला वाटे, अंधारानं डोकं फिरलं.
फिरतं इथे, जन्मलेल्यांचंही.

कपाटात रबरी बूट निघाले, ती डबी,
आणि पगाराची पाकिटं, पाठीवर
गोल गोल वळणांच्या रांगा.
आसलौगला वाटलं, विणकामाचा नमुना.
तिने त्यावरून मोजा विणायला घेतलाही.
जमला नाही.
पाकिटं सुयांच्या खणात राहिली.

भाडं मात्र तीच भरत आली.
का, म्हणून विचारलं एकदा.
म्हणाली, बिल आलंय ना? मग भरायचं.

यंदा दातांची डॉक्टर आली, पंधरा दिवसांच्या फेरीवर.
मथुषा नाव. ऑस्लोत वाढलेली.
तिने आसलौगची दाढ काढली,
आणि कापसाचा बोळा दाताखाली धरून
आसलौगने पाकिटं तिच्यापुढे ठेवली.
पोरगी बघत राहिली.
अक्षरं ओळखते, म्हणाली, पण जोडायला आई लागेल.
फोन टेबलावर उताणा.
इकडून एकेक अक्षर जायचं,
तिकडून आई त्याचा शब्द करायची,
पोरगी तो आमच्या भाषेत आणायची.
मी दाराशी, टोपी हातात. मला तिथे काही काम नव्हतं.

एका ओळीला एक कप कॉफी गार होई.
मला वाटलं होतं नारळ असतील, लढाई असेल, समुद्र असेल.
समुद्र होता, पण आमचाच,
आणि हातमोज्यातलं भोक, आणि फोरमनची खोकला दाबायची तऱ्हा.
मग आई मध्येच थांबली. हसली.
मग नाक ओढल्याचा आवाज.

‘डावीकडच्या बाईच्या सुरीला धार नाही.
ती गुणगुणते,
मासा आपणहून उघडतो.’

“धार होती,” आसलौग म्हणाली, बोळा काढून.
“रोज लावायचे मी.”
आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली.

तिकडे नाव होतं का त्याचं, विचारलं.
आईने ऐकलं नव्हतं.
बावीस पाकिटं. सात ओलीनं पुसलेली.

सप्टेंबरात भाड्याचा कागद आला.
त्यावर एक चौकट असते: मृताशी नातं.
इतकी वर्षं ती कोरी सोडायची,
मीच ‘परिचित’ लिहून टाकायचो.
या खेपेला भरून दिलीय, मोठ्या अक्षरात:
टेबल चार, डावी बाजू.

वर चालेल की नाही, माहीत नाही.
मी शिक्का मारलाय.