नंबर न पडलेला कागद

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये
मी कागद तपासले.
शाई फुटलेली, कड सरकलेली,
डोळ्याआधी बोटाला कळायचं.
ही एक गाठ मात्र
डॉक्टर पिंगळ्यांच्या बोटाला कळली,
हातमोज्यातल्या.
वत्सला बाहेर बाकावर माझा चष्मा धरून बसली होती.

रात्री चारदा उठायचो, म्हणायचो,
वय झालं, नळाचा वायसर गेला.

हेमांगी म्हसरूळला प्रयोगशाळेत असते.
जेवता जेवता म्हणाली,
"बाबा, ती ग्रंथी विचित्रच.
बाकीच्या पेशी ते आंबट जाळून ऊब करतात,
ही जाळत नाही.
जस्त साठवते, भट्टी अर्ध्यावर दाबून ठेवते
आणि ते आंबट देऊन टाकते बाहेर."
"म्हणजे पाकीट न फोडता पगार घरी देणारी."
"हं. बिघडली की जस्त उतरतं,
आणि पहिल्यांदाच
ती आपलं कमावलेलं आपण खायला लागते."

मी पापड मोडला.
इतकी वर्षं उपाशी राहिलेलीचा
मला नीटसा राग येईना.

साखर टोचून फोटो काढला.
मेंदू उजळला, काळीज उजळलं,
मूत्राशय तर पेट्रोलपंपाच्या पाटीसारखं.
ती जागा तेवढी मंद.
साखरेला भुललीच नाही.
"तिला चरबी चालते," हेमांगी बोलून गेली,
आणि वत्सलानं तुपाचा डबा माळ्यावर टाकला.
"आई, तसं नसतं गं ते."
डबा अजून वरच आहे.

आता दर तीन महिन्यांनी पोटात सुई.
पुरुषपणाची रसद तोडतात, गडाची तोडावी तशी.
निफाडला पारा चारवर
आणि मी इथे बनियनवर, कानशिलं तापलेली.
वत्सला पांघरुणातून हसते,
"मी पदरानं वारा घ्यायचे तेव्हा
तुम्ही उठून पंखा बंद करायचात."

आकडा उतरला.
चाळीस, नऊ, शून्य पूर्णांक दोन.
मी पेढ्यांचं नाव काढलं.
पोरगी गप्प.

एका रविवारी मला घेऊन गेली.
त्यांना रविवारीही खायला लागतं.
चपट्या बाटलीत गुलाबी पाणी.
"कोणाच्या ह्या?"
"कोणी एक गृहस्थ. दूरचे. माझ्या जन्माआधी गेले."
हात जोडावेसे वाटले.
हातात मोजे होते.

"रसद तोडली की बहुतेक मरतात.
ह्या बघा, ह्या नाही मेल्या.
वाढ थांबवतात, भूक लहान करतात,
शेजारणीनं टाकलेलं आंबटसुद्धा
मंद आचेवर जाळत बसतात.
मूळपेशींसारख्या,
अजून काहीच न ठरलेल्या.
मग कधीतरी ह्यांच्यातूनच सगळं पुन्हा."

मी भिंगातून पाहिलं. गोदेच्या वाळूसारखं काहीतरी.

आणि मला प्रेसमधला तो कागद आठवला,
चित्र झालेलं, सही झालेली,
फक्त नंबर पडायचा राहिलेला.
त्यालाच आम्ही दोन कुलुपांत ठेवायचो.
पडलेल्या नंबरचा माग काढता येतो.
ह्याच्यावर कुठलाही पडू शकतो.

ऑक्टोबरात मेहुण्याकडे मोहाडीला गोडी छाटणी.
काडीच्या झोपलेल्या डोळ्यांना
बायका कापडानं पेस्ट लावत होत्या,
सगळे एकदम फुटावेत म्हणून.
परतताना गाडीत विचारलं,
"तुम्ही का नाही उठवत त्यांना?
उठवायच्या, मग मारायच्या."
हेमांगीनं गिअर बदलला.
"तेच करून बघतोय, बाबा.
पण जाग आल्यावर
किती जणी कुठे धावतील,
तेच कळत नाही."

दहाव्या मैलाचा सिग्नल सुटेपर्यंत
कोणी बोललं नाही.

त्या रात्री एकदाच उठलो.
दिवा लावला नाही.
भिंतीला हात लावत, पाऊल न वाजवता
गेलो आणि आलो,
कोणाला जाग येऊ नये म्हणून.