बरगे घालायच्या आधी

राजाराम बंधाऱ्याखाली केरबा गंगातीरेच्या जाळ्यात
एक वांब आली, दोन शिंगट्या आल्या,
आणि एक जीव आला
ज्याला इथल्या बोलीत नाव नव्हतं.
नांग्या खेकड्याच्या, अंग झिंग्याचं,
रंग वाळत घातलेल्या मिरचीचा.
केरबानं त्याला परत नदीत टाकलं नाही.
चहाच्या किटलीत घालून
आमच्या मत्स्य कार्यालयाच्या टेबलावर आणून ठेवलं.
"ह्यो आमचा न्हाय," एवढंच म्हणाला.
तोटीतून एक मिशी बाहेर आली
तशी साहेबांनी खुर्ची मागं घेतली.

मग बैठक.
सांगली आली, सातारा आला,
बेळगाव दोन तास उशिरा आलं.
इतिवृत्त लिहायला मी.
भिंतीवर नकाशा, त्यावर
कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती;
पाचवी आहे म्हणतात, दिसत नाही.
लाल टिकली एकच. बाकी सगळा कोरा.
"कोरा म्हणजे तिथं नाही,
की कोरा म्हणजे तिथं कुणी बघितलंच नाही?"
बेळगावच्या हुक्केरीबाईंनी विचारलं.
उत्तर आलं नाही.
प्रश्न मी जसाच्या तसा लिहून घेतला.

कुणी म्हणालं, बंधाऱ्यालाच अडवू.
केरबा दाराशी उभा, खुर्ची त्याला कुणी दिली नव्हती.
"बरग्यानं पाणी अडतंय, सायेब.
ह्यो रातच्याला उठून बांधावरनं चालत जातोय."
कुणी म्हणालं, नगामागं वीस रुपये लावा.
"मग आमचीच पोरं हिरीत पाळत्यात की."
कुणी म्हणालं, कोल्हापूर आहे हे,
तांबडा रस्सा करून महिन्यात संपवू.
सगळे हसले. मीही.
हुक्केरीबाई तेवढ्या हसल्या नाहीत.
"आणि चव लागली तर?"

चव लागली तर टेम्पोनं जाईल,
हुपरीला, जयसिंगपूरला, कुणाच्या शेततळ्यात,
ओलं गोणपाट पांघरून,
शेपटीखाली दोन-तीनशे अंडी धरून.
उसाच्या पाटाला भोकं पडतील
आणि शेजारी शेजाऱ्याच्या अंगावर जाईल,
पाणी तू फोडलंस म्हणून.

ठरलं ते थोडंच.
पंधरवड्याला अठरा ठिकाणी पिंजरे.
बरगे घालायच्या आधी एकदा बघायचं, काढताना एकदा.
एका पाण्यातलं जाळं वाळल्याशिवाय दुसऱ्या पाण्यात नाही
(ही अट आधी आम्हाला, मग भोयांना,
असं मी कंसात घातलं; साहेबांनी खोडलं नाही).
पलीकडच्या राज्याचा फोन नंबर अलीकडच्या भिंतीवर.
आणि नाव.
नावावर पाऊण तास गेला.
शास्त्रीय नाव केरबाच्या तोंडात बसेना,
बसलं असतं तरी घाटावर कुणी हाक मारली नसती.
शेवटी 'किटल्या'.
टंकलिखित प्रतीत तेच आहे.

शाहूपुरीत अरमान शिकलगारचं शोभेच्या माशांचं दुकान.
त्यानं काही लपवलं नाही.
"सात विकले, मॅडम. मुलांना रंग आवडतो.
खाद्य न्यायला दोनच घरं परत आली."
पाच घरं मग माझ्या डोक्यात राहायला आली.
दुकानाच्या पायरीवर आम्ही झाकणाची बादली ठेवली:
नको झालेलं इथं आणून द्या, नाव विचारणार नाही.

पहिल्या आठवड्यात
एक कासव आलं, कानाजवळ लाल पट्टा असलेलं.
तीन गप्पी मासे, पिशवीत.
आणि शुक्रवारी सकाळी
लोणच्याची एक बरणी.
तळाशी निळे खडे, प्लास्टिकचा छोटा किल्ला,
झाकणाला खिळ्यानं पाडलेली भोकं, श्वासासाठी.
आत कुणी नव्हतं.
बरणी धुऊन ठेवलेली होती.

नकाशावर तिची टिकली कुठं लावावी
मला अजून सुचलेलं नाही.
खिशात घेऊन हिंडते.
उद्या शिरोळकडच्या बंधाऱ्याला बरगे घालतायत.
केरबाचा निरोप आलाय:
पहाटे पाचला या, बॅटरी आणा,
गमबूट आणा,
आणि मॅडम, वाळवून आणा.