तोटा

टाम्पेरेच्या शाळेत पाहिलं:
बारा वर्षांची वेन्ला, एका दिवसापुरती
बँकेची मॅनेजर.
गळ्यात ओळखपत्र, टेबलावर खोट्या नोटा.
तिच्या मित्राचं सरबताचं दुकान बुडालं
तेव्हा सगळे हसले, तोही.
दोनला घंटा झाली,
तोटा खोक्यात भरून कपाटात ठेवला.

मी वहीत टिपलं: चुकू द्यावं.

किसुमूत परतलो. सोमवारी
अपोंडी उशिरा आली, बोटांना चिलापीचा वास.
वर्गाला सगळं सांगून मी फळ्यावर लिहिलं: जोखीम.
ती म्हणाली, सर,
मोटारसायकलवाल्या ओमोंडीची उधारी
तीन आठवडे थकलीय.
ही जोखमीत धरायची, की मूर्खपणात?
वर्ग हसला. ती नाही.

खडू शोधत होतो मी, तेव्हा
तिनंच पुन्हा विचारलं:
तिकडे तोटा खोक्यात ठेवतात म्हणालात ना,
वास नाही येत?